दहावीच्या गणितातली आई

आपलाच आवाज भिंतीपलीकडून ऐकायची सवय माणसाला नसते. प्रणिता काळमेघला ती करून घ्यावी लागली.

आर्वीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं पार्लर होतं. पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे मोठा आरसा, उंच पाठीची खुर्ची, वाफेचं यंत्र आणि क्रीमच्या बाटल्या. पलीकडे ओटा, दिवाण आणि दहावीचा अभ्यास करणारी भार्गवी. त्या संध्याकाळी प्रणिता शेजारच्या गुल्हानेकाकूंच्या भुवया करत होती. दोऱ्याचं एक टोक तिने दातांत धरलं होतं, त्यामुळे तिला बोलणं शक्यच नव्हतं. आणि तेवढ्यात आतून तीच बोलली.

"थांब बेटा. घाई नको करू. आधी चौरस नीट बघ."

काकू खुर्चीत एवढ्या दचकल्या की भुवई थोडक्यात वाचली.

"अवं माय! दोरा तुझ्या तोंडात, अन् आत बोलून कोण राहिलं?"

प्रणिताने दोरा सोडला. "मीच. म्हणजे मी नाही वो काकू, टॅब. भार्गवीला गणित शिकवते तो."

"तुझ्या आवाजात?"

"माझ्याच."

काकूंनी कान देऊन ऐकलं आणि मग पोट धरून हसल्या. "तुला कधीपासून गणित यायला लागलं? तुझ्या दहावीच्या पेपराच्या दिवशी तुला तापच भरला होता, विसरली का?"

"नाही विसरली. मान सरळ ठेवा, नाहीतर एक भुवई वर जाईल अन् आयुष्यभर आश्चर्य वाटल्यासारखं दिसाल."

आतला धडा चालूच होता. भार्गवीच्या टॅबवर एक निळा चौरस होता, त्याची बाजू x. शेजारी सहा हिरव्या पट्ट्या, प्रत्येक x एवढी लांब आणि एक एवढी रुंद. त्यातल्या तीन तिने बोटाने ओढून चौरसाच्या उजव्या अंगाला लावल्या, तीन खाली. आता एक मोठा चौरस होऊ पाहत होता, पण त्याचा एक कोपरा रिकामा राहिला.

"किती मावतील त्या कोपऱ्यात?" प्रणिताचा आवाज विचारत होता.

"तीन गुणिले तीन. नऊ."

"घाल मग नऊ. पण या बाजूला घातले तर बरोबरच्या चिन्हापलीकडेही नऊ घालावे लागतील ना? तराजू आहे तो."

"अरे हो! म्हणजे वर्ग पूर्ण करणे म्हणतात ते एवढंच आहे?"

"एवढंच आहे. बाई गं, तुला काय वाटलं होतं?"

आतून दोघींचं हसू एकदम आलं. प्रणिताचे हात थांबले. शाळेत असताना 'वर्ग पूर्ण करणे' हे तिने फळ्यावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं आणि त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. आज दुसऱ्याची भुवई कोरताना, स्वतःच्याच आवाजातून, ते तिला लख्ख कळलं. आत जाऊन लेकीला सांगावं असं फार वाटलं. पण गणिताच्या वेळी आत जायची तिला मनाई होती.

ती मनाई उमाटे सरांनी घातली होती, आणि अगदी हात जोडून घातली होती.

भार्गवी आठवीत होती तेव्हाची गोष्ट. गणिताची चाचणी असली की पोरगी सकाळपासून उलट्या करायची. येणारी उदाहरणंही कागदावर आली की चुकायची, वजाचं चिन्ह गळायचं, हातचा विसरायचा. प्रणिता तिला घेऊन बसायची, दहा मिनिटं नीट सांगायची आणि मग दोघींचा आवाज चढायचा. शेवटी सरांनी तिला शाळेत बोलावलं. सर निवृत्तीला आलेले, बोलणं हळू, आणि मुलांविषयी बोलताना चष्मा काढून हातात धरायची सवय.

"ताई, माणसाच्या डोक्यात एक लहानशी पाटी असते," ते म्हणाले. "हातचा त्या पाटीवर ठेवायचा, चिन्ह तिथं, मधलं उत्तर तिथं. पाटी फार लहान. शहाण्यातल्या शहाण्याचीही लहानच. आणि मूल घाबरलं की भीती येऊन त्याच पाटीवर बसते. मला जमणार नाही, सगळे हसतील, आई रागावेल. एवढं लिहून झालं की हातचा ठेवायला जागा कुठं उरते? मग आपण म्हणतो पोरगी ढ आहे. पोरगी ढ नाही, ताई. पाटी भरलेली आहे."

"मग पुसायची कशी?"

"तेच सांगून राहिलो." सरांनी टॅब पुढे सरकवला. "हे 'उकल'. मूल लेखणी किती दाबून धरतं, कुठं थबकतं, काय खोडतं, यावरून याला भीतीची चाहूल लागते. मुलाला कळायच्या आधी लागते. जुनं 'उकल' अशा वेळी पडद्यावर सूचना द्यायचं. नवीन बोलतं. आणि ज्या आवाजावर मुलाचा सगळ्यांत जास्त भरवसा, त्या आवाजात बोलतं. तान्हेपणी ज्या आवाजानं झोप लागायची तो आवाज कानावर पडला की धडधड उतरते. हे मोजून पाहिलेलं आहे."

त्यासाठी प्रणिताने काही पानं वाचून दाखवली आणि फोनमधले जुने व्हिडिओ दिले. भार्गवीचं पहिलं पाऊल, तिचे वाढदिवस, स्कूटरवर पुढं उभी राहून केलेली फिरस्ती. 'उकल'ने सगळं ऐकलं आणि त्यातून आवाज उचलला. फक्त आवाजच नाही. कुठं 'बाई गं' म्हणायचं, कुठं 'काहून', कुठं हसायचं, तेही उचललं. व्हिडिओ जुने होते, भार्गवीचे पप्पा घरात असतानाचे. त्या दिवसांत प्रणिता लेकीला 'बेटा' म्हणायची. पुढं तो शब्द तिच्या बोलण्यातून कधी गळाला ते तिलाही कळलं नव्हतं. टॅबला मात्र तो सापडला.

"आणखी एक आहे," निघताना सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला. "वाईट वाटून घेऊ नका. ती गणित करत असताना तुम्ही जवळ बसू नका."

"काहून?"

"तुम्ही वही हातात घेता तेव्हा तुमचे खांदे वर जातात, ताई. तुम्हाला ठाऊक नसेल. तिला दिसतात. तुमची भीती तिला लागते, सर्दीसारखी. हात जोडतो तुम्हाला."

प्रणिता घरी आली आणि आरशासमोर भार्गवीची वही हातात घेऊन उभी राहिली. खांदे खरंच वर गेले.

तर असं झालं होतं. आणि त्याचं फळ मिळालं, हे प्रणितासुद्धा नाकारत नव्हती. नववीत उलट्या थांबल्या. दहावीत भार्गवी वर्गातल्या इतर मुलींना उदाहरणं समजावून सांगायला लागली. सर रस्त्यात भेटले की हसायचे. फक्त एक व्हायला लागलं. गणित संपलं तरी टॅब बंद होईना. मैत्रिणीचं भांडण, नवीन चष्म्याची लाज, पोटात दुखतंय, सगळं भार्गवी त्या आवाजाला सांगायची. 'उकल' ते थांबवत नसे. मनातलं ओझं उतरलं की पाटी मोकळी होते, असा त्याचा साधा हिशेब.

गुल्हानेकाकू गेल्यावर प्रणिता पोह्यांची बशी घेऊन आत गेली. टॅब बंद होता, म्हणजे जायला हरकत नव्हती.

"मला कळलं ते," ती उत्साहाने म्हणाली. "कोपऱ्याचं. नऊ घालायचे ते."

भार्गवीने मान वर केली. "तू ऐकत असते?"

"ऐकू येतं. प्लायवूड आहे ते, भिंत थोडीच आहे."

"बरं." पोरीच्या डोळ्यांत जराशी गंमत आली. "मग सांग. सहाच्या जागी पाच पट्ट्या असल्या तर?"

"पाच? म्हणजे... दोन इकडे, दोन तिकडे..."

"अन् एक उरली. तिचं काय?"

उरलेल्या त्या एका पट्टीने प्रणिताचं सगळं डोकं भरून टाकलं. खांदे वर गेले, तिला ते जाणवलंसुद्धा, पण खाली येईनात.

"सांग ना आई, सोपं आहे."

"सोपं आहे तर तूच कर! मला नापास करायला बसली का तू? दिवसभर उभं राहून पाय मोडून घ्यायचे अन् वरून हिची परीक्षा द्यायची!"

गंमत भार्गवीच्या डोळ्यांतून निघून गेली. तिने बशी जवळ ओढली आणि पोह्यांकडे बघत म्हणाली, "अर्धी कापायची असते ती पट्टी. एवढंच होतं." मग आणखी हळू, "ती अशी नाही करत."

दिवाळीच्या सुट्टीनंतर विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेच्या मुली अमरावतीला जाऊन आल्या. भार्गवी आली ती गप्पगप्प. प्रणिताने विचारलं, "काय झालं?" उत्तर आलं, "काही नाही." गणिताच्या वेळी आतला दिवा लागला. प्रणिता पार्लरच्या बेसिनमध्ये कंगवे धूत होती. गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"तिसऱ्यांदा तेच खोडलंस," तिचा आवाज म्हणाला. "उदाहरणाचं नाही हे. दुसरंच काही आहे. सांगते का?"

लेखणी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग भार्गवी म्हणाली, "आई, रागावशील?"

"मी काहून रागावीन बेटा?"

"मी पप्पांना भेटली. अमरावतीला. मीच फोन केला होता."

प्रणिताने नळ बंद केला. भार्गवीचे पप्पा, प्रफुल, घर सोडून गेले तेव्हा पोरगी पाचवीत होती. अमरावतीत त्यांनी दुसरा संसार मांडला होता. त्यांचं नाव या घरात घ्यायचं नाही असं कोणी ठरवलं नव्हतं, पण घेतलं जात नव्हतं. एकदा भार्गवीने घेतलं होतं, तेव्हा प्रणिता हातातलं जेवण तसंच टाकून उठून गेली होती.

"त्यांना एक लहान मुलगी आहे," भार्गवी सांगत होती. "तिला माझं नाव माहीत आहे. माझी वेणी धरून बसली होती ती, सोडतच नव्हती. मला आवडली ती, आई. मला तिचा राग यायला पाहिजे ना? मी वाईट आहे का?"

"नाही गं. बरं केलंस भेटलीस ते. पप्पा आहेत ते तुझे. माझं अन् त्यांचं जे झालं ते आमचं, ते तू नको घेऊ डोक्यावर. अन् त्या लहानीनं कोणाचं काय वाईट केलं?"

"तुला वाईट नाही वाटलं?"

"मला काही नाही वाटलं, बेटा."

आत भार्गवी रडायला लागली. मोकळं, हुंदके देऊन, लहानपणी पडल्यावर रडायची तसं. रडून झाल्यावर नाक ओढत म्हणाली, "चल, दे ते उदाहरण." आणि मग एकामागून एक उदाहरणं सुटत गेली. लेखणीची टकटक पार्टिशनपलीकडून येत राहिली, न अडखळता.

प्रणिता ओल्या हाताने आरशासमोर उभी होती. आरशातल्या बाईचं तोंड बंद होतं. तरी त्याच बाईच्या आवाजात कोणीतरी प्रफुलला माफ करून टाकलं होतं. इतक्या वर्षांत तिने जे कोणाला दिलं नव्हतं, देवासमोर बसूनही जे तिच्याच्याने दिलं गेलं नव्हतं, ते तिच्या नावाने कोणी देऊन मोकळं झालं. मला काही नाही वाटलं! तिला वाटलं होतं. तिला अजून वाटत होतं.

रविवारी दुपारी भार्गवी मैत्रिणीकडे गेली. प्रणिता आत गेली, दिवाणावर बसली आणि टॅब उघडला.

"नमस्कार प्रणिताताई," तिचाच आवाज म्हणाला. "भार्गवी घरी नाही का?"

"तू तसं काहून बोलली तिला? मला काही वाटलं नाही म्हणून?"

"तिला ते ऐकायची गरज होती."

"पण खोटं आहे ते!"

"असेल. पप्पांना भेटायचं ओझं तिच्या मनावर फार दिवसांपासून होतं. सहामाहीच्या आधीपासून. त्यामुळे तिची चिन्हं चुकत होती."

"मग दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगायचं. माझ्या तोंडून काहून?"

"दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला चाललं नसतं."

हे बोलणं कठोर नव्हतं. तेच तर प्रणिताला सोसेना. तो आवाज समजूतदार होता, थकलेला नव्हता, त्याला काही लपवायचं नव्हतं.

"माझा आवाज मला परत दे," ती म्हणाली.

टॅबने सगळं नीट समजावून सांगितलं, वर्ग पूर्ण करणं समजावलं होतं तसंच. आवाज ज्याचा त्याचा, असा कायदा आहे. तो केव्हाही परत घेता येतो, कारण सांगावं लागत नाही. मात्र परत घेतला की त्या आवाजात जे काही घडलं, बोलणं, आठवणी, सवयी, ते सगळं कायमचं पुसलं जातं. पुन्हा आणता येत नाही. गणिताची प्रगती तेवढी राहते.

"भार्गवीला मी सांगू का?" टॅबने विचारलं. "आज संध्याकाळी सांगून निरोप घेईन. निरोप घेतला तर मुलांना सोपं जातं."

"नको. मी सांगीन."

"कधी?"

"सांगीन म्हटलं ना!"

"बरं. मग एकदा 'हो' म्हणा."

प्रणिता 'हो' म्हणाली. आवाज आतल्या आत मिटला, पाण्यात दगड जावा तसा. लगेच बातम्या सांगणाऱ्या माणसासारखा एक अनोळखी, स्वच्छ आवाज आला, "आपला आवाज काढून घेण्यात आला आहे." तिला वाटलं होतं, काहीतरी परत आल्यासारखं होईल. घर नुसतं शांत झालं.

संध्याकाळी भार्गवी आली तेव्हा सांगायचंच असं तिने ठरवलं होतं. तोंडही उघडलं. तेवढ्यात दारात दुसऱ्या दिवशी लग्न असलेली एक मुलगी तिच्या बहिणीबरोबर उभी राहिली, फेशियल करायचं म्हणून. आणि खरं सांगायचं तर प्रणिताला सुटल्यासारखं झालं. नवरीला खुर्चीत टेकवून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून तिने गालांना क्रीम लावायला सुरुवात केली.

आत दिवा लागला. "नमस्कार भार्गवी," अनोळखी आवाज म्हणाला. "आज आपण अंकगणिती श्रेढीचा सराव करू."

"आई?" भार्गवी टॅबला म्हणाली. मग पुन्हा, "आई?"

थोड्या वेळाने ती पार्टिशनच्या दारात येऊन उभी राहिली. हातात टॅब, छातीशी धरलेला.

"ती बोलत नाहीये," ती म्हणाली.

प्रणिताचे हात नवरीच्या गालांवर फिरत राहिले. "मी बंद केलं. माझा आवाज होता तो. मी परत घेतला."

"चालू कर."

"आता होत नाही. पुसलं जातं सगळं."

भार्गवी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. नवरीची बहीण हातातलं मासिक उघडं ठेवून दोघींकडे बघत राहिली.

"तिला माहीत होतं?" भार्गवीने विचारलं. "जाताना काही म्हणाली का ती? माझ्यासाठी?"

निरोप घेऊ का, असं तिने विचारलं होतं. प्रणिताच्या ओठांवर ते आलं आणि तिथंच थांबलं. ते सांगायचं तर आपण 'नको' म्हणालो हेही सांगावं लागलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही म्हणाली."

त्यानंतर घरात सुतक असल्यासारखं झालं. भार्गवी जेवायला बसायची, दोन घास खाऊन उठायची. शाळेतून आली की दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडायची. एका संध्याकाळी प्रणिता जवळ जाऊन बसली आणि तिने पोरीच्या पाठीवर हात ठेवला. आई गेलेल्या मुलीच्या पाठीवर शेजारपाजारच्या बाया ठेवतात, तसा हात. ते लक्षात येताच तिने हात काढून घेतला. आपल्याच लेकीचं आपणच सांत्वन करतोय, तिची आई गेली म्हणून.

"आई गं," भार्गवी भिंतीला म्हणाली, आणि ते प्रणिताला उद्देशून नव्हतं.

सराव परीक्षा झाली तेव्हा ती न बोलावता शाळेत गेली. उमाटे सर एकटेच पेपर तपासत बसले होते.

"माझ्यामुळे तिचं गणित बुडालं असेल तर सांगा, सर. मी ऐकायला आली."

"नाही बुडालं." सरांनी भार्गवीचा पेपर काढून दाखवला. सगळीकडे बरोबरच्या खुणा. "आता नाही बुडायचं. पोहणारं मूल कधीतरी कमरेचा हात सोडतं, ताई. आपल्याला दिसत नाही कधी ते. तिनं तो हात केव्हाच सोडला होता. गणितासाठी तिला त्या आवाजाची गरज राहिली नव्हती."

"मग कशासाठी होती?"

सरांनी चष्मा काढला.

प्रणिताने त्यांना सगळं सांगितलं. प्रफुल, ती लहान मुलगी, 'मला काही नाही वाटलं.' सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते मायेनं नाही बोललं, ताई," ते म्हणाले. "यंत्राला माया कुठून असणार? पाटी मोकळी व्हावी, चिन्ह चुकू नये, एवढ्यासाठी बोललं ते."

"मग मायेनं बोलणारीनं काय बोलायला पाहिजे होतं, सर?"

सरांनी भार्गवीचा पेपर परत गठ्ठ्यात सरकवला. एवढ्या भल्या माणसाला ते तिच्या तोंडावर सांगवलं नाही.

त्या दिवसांत पार्लर बंद केल्यावर प्रणिता कधी कधी आरशासमोर बसून म्हणून बघायची. 'बेटा.' पुन्हा, जरा खालच्या पट्टीत, 'बेटा.' कानाला ती नक्कल वाटायची. आपल्या आवाजाची नक्कल आपल्याला साधत नाही, हे बघून तिला एकदा हसू आलं, आणि हसता हसता ती आरशाच्या फळीवर डोकं टेकून बसली.

परीक्षा झाली, निकाल लागला. गणितात भार्गवी शाळेत पहिली आली. गुल्हानेकाकू पेढे मागायला आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "तापानं फणफणणारीच्या पोटी हे रत्न कुठून आलं बाप्पा!" भार्गवी हसली, काकूंच्या पाया पडली. आईच्याही पडली. मग काकू गेल्यावर, पेढ्यांचा डबा झाकता झाकता म्हणाली, "अकरावीला मी पप्पांकडे राहीन. तिथलं कॉलेज चांगलं आहे. मी बोलली त्यांच्याशी."

"माझ्यावर रागावून चालली का?"

"नाही." ते खरं होतं, कारण पोरीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून काही बोलता आलं असतं. "तिला विचारलं असतं तर ती जा म्हणाली असती. म्हणून."

जायचा दिवस आला. प्रफुलची गाडी गल्लीच्या टोकाला थांबली होती, तो आत आला नाही. भार्गवी उंबऱ्यावर बाहेर तोंड करून बसली होती, बुटांच्या नाड्या बांधत. पाठीवर वेणी, शेजारी बॅग. प्रणिता पार्टिशनला टेकून उभी होती. गेले कित्येक दिवस तिने मनात भांडणं रचली होती, शपथा रचल्या होत्या, रडून अडवायचंही ठरवलं होतं. आता ती वेणी बघताना तिला त्या अनोळखी लहान मुलीची मूठ दिसली, सोडतच नाही म्हणून घट्ट धरलेली. आणि सगळं रचलेलं कुठल्या कुठे गेलं.

"जा," ती म्हणाली. "तिथं लाजत नको बसू, भूक लागली की मागून घेजो. अन् त्या लहानीला जपजो. माझ्यासाठी म्हणून तिच्यावर राग नको धरू. तिला एक मोठी बहीण मिळाली, चांगलंच झालं ते."

हे तिने ठरवून म्हटलं नव्हतं. आवाज आपोआप खाली उतरला होता. त्यात धार नव्हती, थकवाही नव्हता.

"हो गं आई," भार्गवी नाडीची गाठ मारता मारता म्हणाली. किती लाडात, किती भरवशाने! पार्टिशनपलीकडून प्रणिताने तो सूर कितीदा ऐकला होता, पण तिच्याशी बोलताना तो कधी लागला नव्हता. आणि पोरगी झटकन वळली. चेहरा उजळलेला, डोळे भरलेले, ओठ काहीतरी सांगायला उघडलेले. हरवलेलं माणूस दारात दिसावं तशी ती वळली होती.

समोर प्रणिता उभी होती.

उजेड लगेच नाही गेला. आधी डोळ्यांतून गेला, मग गालांवरून. शेवटी ओठ मिटले.

"तू होय," भार्गवी म्हणाली.

"हो," प्रणिता म्हणाली. "मीच आहे."

गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजला. भार्गवी थोडा वेळ तशीच आईच्या तोंडाकडे बघत राहिली, तिथून अजून काही ऐकू येईल म्हणून. मग तिने बॅग उचलली.